डाव्या मुठीचं पिस्तूल

पिस्तूल घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात चार माणसं होती आणि त्यांचे आठ हात. पिस्तुलाला लागतो एक. दहा मीटरच्या नेमबाजीत पिस्तूल एकाच हातानं धरायचं असतं. दुसरा हात खिशात किंवा कमरेला. हा नियम मला माहीत होता, पण त्यातून आमच्या घरात काय निघेल याचा हिशोब मी केला नव्हता.

चार माणसं म्हणजे मी, माझी बायको, अकरावीत शिकणारी आमची मुलगी आणि माझा धाकटा भाऊ. अंबाजोगाईत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, त्यामागे परस. जागा अरुंद आणि लांब. दुकानाच्या मागच्या दारात उभं राहिलं की मधली खोली, स्वयंपाकघर आणि परसातली न्हाणीची भिंत एका रेषेत दिसते. एकदा मी विकायची टेप घेऊन हे अंतर मोजलं. पस्तीस फूट भरलं. दहा मीटर म्हणजे बत्तीस फूट आणि जवळजवळ दहा इंच. म्हणजे मागे दोन फूट शिल्लक टाकूनही घरात स्पर्धेचं पूर्ण अंतर मिळत होतं. शहरातल्या मोठ्या बंगल्यात ते मिळत नाही.

नाद लागला तो दुकानामुळे. आम्ही छर्रे ठेवायचो. सीताफळाच्या बागावाले आणि, ज्वारी हुरड्याला आली की, शेतकरी पाखरं, माकडं पळवायला हवेची बंदूक वापरत आणि छर्ऱ्यांची डबी आमच्याकडून नेत. एका वर्षी घाऊक व्यापाऱ्यानं बंदुकांबरोबर देशी बनावटीचं एक पिस्तूल पाठवलं. ते खपलं नाही. शेतकऱ्याला लांब नळी लागते. पिस्तूल त्याला खेळणं वाटतं. वर्षभर ते काचेच्या कपाटात राहिलं. शेवटी भावानं ते मागे नेलं आणि न्हाणीच्या भिंतीला पुठ्ठा टेकवून मारायला लागला. पहिल्याच दिवशी गिलाव्याचे टवके उडाले. मग मी पत्र्याची पेटी केली, आत लोखंडी पाटी तिरपी बसवली, मागे गोणपाट कोंबलं. छर्रा पाटीवर आपटून खाली पेटीतच पडायचा.

बाजार बंद असायचा त्या दिवशी दुपारी एक तास आम्ही मारायचो. परसाचं दार आतून कडी लावून बंद, डोळ्यांवर चष्मे, पिस्तूल भरलेलं असताना मधल्या रेषेत कोणी पाऊल टाकायचं नाही. छापील कागद मी मागवले होते. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दहा छर्रे, शंभरपैकी गुण. पहिल्या दिवशी माझे एकोणपन्नास झाले, भावाचे छप्पन्न आणि बायकोचे एकाहत्तर. तिनं त्याआधी पिस्तुलाला हात लावला नव्हता.

"वहिनी, माहेरी सराव केलता का?" भावानं विचारलं.

"सराव लागत न्हाई. नजर लागती," ती म्हणाली. "ती तुमच्या दोघांवर ठिवून ठिवून पक्की झाली."

वर्षभरात ती अठ्ठ्याऐंशी-नव्वदला पोचली. मी सत्तरीत अडकलो, भाऊ कधी साठ कधी ऐंशी. त्या तासात तिला कोणी चहा मागत नसे, कारण चहाची शेगडी छर्ऱ्याच्या वाटेत होती. मला वाटतं, तिला तो तास आवडायला हेही एक कारण असावं.

मुलगी उशिरा आली, पण पुढे गेली. नववीत, कॉलेजच्याच शाळेत, एन.सी.सी.त तिला बंदूक चालवायला मिळाली. तिथले खेळाचे सर पिस्तुलाचाही सराव घेत. मुलींना चाळीस छर्रे, चारशे गुण. सरांनी मला बोलावून सरळ सांगितलं. हिवाळ्यात पुण्याला राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे. साडेतीनशेच्या वर, तीनशे पंचावन्नच्या आसपास असेल तरच विचार होतो. तुमची मुलगी तीनशे चाळीसला आहे, एकदा तीनशे अठ्ठेचाळीस झाले. कॉलेजचं पिस्तूल झिजलेलं आहे, त्यावर आणखी वाढणार नाही. स्वतःचं घ्या.

बायकोनं त्यावर घरात एक अट घातली. यंदा काय करायचं ते करा. पुढच्या वर्षी बारावी; तेव्हा पिस्तुलाची पेटी माळ्यावर जाईल. मुलीनं मान हलवली. म्हणजे तिच्याकडे एकच हिवाळा होता.

पिस्तूल निवडायचं काम मी घेतलं. मी तीन ठिकाणी पत्रं लिहिली आणि माहितीपत्रकं मागवली. ती येण्याची वाट बघताना नियम गोळा केले. पिस्तूल बेचाळीस सेंटिमीटर लांब, वीस उंच आणि पाच रुंद अशा पेटीत बसलं पाहिजे. मी पातळ प्लायवूडची तशी पेटी करून ठेवली. वजन दीड किलोच्या आत. चाप किमान पाचशे ग्रॅमला सुटला पाहिजे, त्याच्या आधी नाही. नळी आभाळाकडे धरून चापाला वजन टांगतात आणि उचलून बघतात. अर्धा किलोचं वजन दुकानात होतंच.

मग कायद्याचं. या प्रकाराला परवाना लागत नाही असं विक्रेत्यांनी लिहिलं होतं, पण विकणाऱ्याचं म्हणणं धरून चालू नये म्हणून मी पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं. तिथल्या हवालदारांनी माहितीपत्रक उलटसुलट बघितलं.

"यानं मानूस मरतो का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. डोळा जाऊ शकतो."

"मग डोळे सांबाळा. आन् पावती सांबाळा," ते म्हणाले आणि पत्रक परत दिलं.

पिस्तुलं तीन तऱ्हेची होती. एक स्प्रिंगचं, आमच्या देशी पिस्तुलासारखं, पण चांगलं. स्प्रिंग सुटताना हाताला हिसका बसतो, स्पर्धेला ते मागे पडलेलं. दुसरं गॅसचं. त्याला कार्बन डायऑक्साइडची नळी लागते, आणि अंबाजोगाईत तो गॅस एका माणसाकडे होता: गोटीसोडावाल्याकडे. मी चौकशी केली. तो भरून द्यायला तयार होता, पण पिस्तुलाची नळी आणि त्याच्या टाकीचं तोंड जुळत नव्हतं, आणि मेळ बसवायला तो जो जुगाड सांगत होता तो ऐकून मी तिथंच नाद सोडला. तिसरं हवेचं. बाजूचा दांडा एकदा पूर्ण उघडून मिटायचा, तेवढ्या हवेवर एक छर्रा. हिसका नाही, गॅस नाही, दर वेळी तेवढाच जोर. मला ते पटलं. ते परदेशी होतं. पूर्वी असला माल कोणाच्या तरी मेव्हण्याच्या बॅगेतून यायचा आणि तो कुठून आला हे विचारायचं नसायचं. आता पुण्याला काचेखाली मांडलेला होता, पावतीसह. किंमत नव्या स्कूटरच्या जवळ जात होती. भावानं घ्यायची ठरलेली स्कूटर पुढे ढकलायला होकार दिला, कारण पिस्तूल चौघं वापरणार होते. माझ्या हिशोबात ते चौघं महत्त्वाचे होते.

शिवाय जुनं पिस्तूल संपत आलं होतं. स्प्रिंग मऊ पडली होती, छर्रे खाली पडायला लागले होते, आणि सुटे भाग मिळत नव्हते.

श्रावणात आम्ही तिघं पुण्याला गेलो. भाऊ दुकानात राहिला. विक्रेता वयस्क होता, बोलायला हळू. त्यानं पिस्तूल मखमलीवर ठेवलं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, तळहाताचा फुगवटा, बोटांच्या खाचा, अंगठ्याला टेकू असं सगळं कोरलेलं. दुकानाच्या मागे त्यानं सरावाला जागा केली होती. बायकोनं पाच छर्रे मारले. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस.

विक्रेत्यानं कागद उजेडात धरला. "आपण कुठं खेळता?"

"सैपाकघरात," ती म्हणाली.

त्याला ती थट्टा वाटली. मी खुलासा केला नाही.

मग मुलीनं मारले. बेचाळीस. ती मारताना मान उजवीकडे झुकवते आणि चेहरा थोडा फिरवते; ही खोड सर तिला सारखी सांगत. विक्रेत्यानं ते बघितलं आणि पिस्तूल काढून घेतलं.

"ताई, हाताचा अंगठा वर करा. त्या भिंतीवरच्या घड्याळावर धरा. दोन्ही डोळे उघडे. आता डावा मिटा. अंगठा कुठं आहे?"

"सरकला. बाजूला गेला."

"आता डावा उघडा, उजवा मिटा."

"जागेवर हाय. घड्याळावरच."

तो माझ्याकडे वळला. "मुलगी डावखुरी आहे का?"

मी नाही म्हणालो. त्याच वेळी बायको म्हणाली, "होती."

मला ते माहीत होतं आणि आठवत नव्हतं. मुलगी तीन-चार वर्षांची असताना दुकानात येऊन बसायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू द्यायची तिला हौस होती. एकदा बोहणीच्या वेळी तिनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सुटे पैसे डाव्या हातानं दिले. त्यानं ते घेतले नाहीत. गल्ल्याच्या फळीवर ठेवले आणि म्हणाला, "पोरीच्या उजव्या हातानं द्या, शेटजी." त्यात राग नव्हता. डाव्या हातानं लक्ष्मी द्यायची नाही आणि घ्यायची नाही, ही गोष्ट आमच्याकडे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. त्या दिवसापासून बायकोनं मुलीचा हात बदलायला घेतला. जेवताना, लिहिताना ती मुलीच्या डाव्या मुठीत मोठा नटबोल्ट द्यायची आणि तो खाली पडू द्यायचा नाही असा खेळ लावायची. मूठ गुंतली की काम आपोआप उजव्याकडे जायचं. मारलं कधी नाही. शाळेत जाईपर्यंत मुलगी उजवी झाली होती आणि आम्ही ते विसरलो होतो. निदान मी.

विक्रेत्यानं अडचण सांगितली. हात उजवा आणि नेमाचा डोळा डावा, म्हणून ती मान वाकवून डोळा नळीच्या रेषेत आणते. काही जण तसेच खेळतात. पण तिचा डावा हात मुळातला असेल तर त्याला संधी द्यावी. त्याच्याकडे पिस्तूल एकच शिल्लक होतं आणि मुठी दोन, एक उजवी, एक डावी. पिस्तुलाबरोबर एकच मिळेल. दुसरी परदेशातून मागवावी लागेल, केव्हा येईल सांगता येत नाही. आणि दोन्ही असल्या तरी सारखी मूठ बदलू नका, दर वेळी पकड बदलते, खेळाडूचं नुकसान होतं.

मी विचारलं की दोन्ही हातांना चालणारी सपाट मूठ मिळते ना. माहितीपत्रकात होती. मला तो मधला मार्ग बरा वाटत होता.

"मिळते. ती दोन्ही हातांना बसते, म्हणजे कुठल्याच हाताला बसत नाही," तो म्हणाला. "घरी करमणुकीला न्या. हिला चाचणीला पाठवणार असाल तर मी ती विकणार नाही."

दसऱ्यापर्यंत तो थांबणार होता. त्यानंतर ते पिस्तूल उजव्या मुठीसह दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार होतं.

परत येताना गाडीत मुलगी खिडकीशी बसली होती. तिनं डावा अंगठा वर करून विजेचे खांब मिटत्या उघडत्या डोळ्यांनी बघितले. बराच वेळ.

घरी आल्यावर मी तुलना लावली. देशी पिस्तुलाची मूठ प्लॅस्टिकची, दोन्हीकडून सारखी होती, त्यामुळे मोजता येत होतं. उजव्या हातानं दहा छर्रे: चौऱ्याऐंशी. डाव्यानं: अठ्ठावन्न.

"दादा, आकडाच बोलला की," भाऊ म्हणाला. "सव्वीसचा फरक हाय. घ्या उजवी, चौघं मारू."

मुलीनं कागद हातात घेतले. "काका, उजव्याला दोन वर्सं झाली. डाव्याला आज पहिला दिवस."

ते बरोबर होतं. मी म्हणालो की दसऱ्यापर्यंत दर सुट्टीला दोन्ही हातांचे आकडे घेऊ आणि मग ठरवू. ती दररोज डाव्या हातात पाण्यानं भरलेली बाटली आडवी धरून उभी राहायला लागली. उजवा हात चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, त्र्याऐंशी असा जागेवर राहिला. डावा अठ्ठावन्नवरून चौसष्टला आला, मग एकदम एकाहत्तर, मग पुन्हा अडुसष्ट. मान मात्र पहिल्या दिवसापासून सरळ राहिली होती.

सरांना हे कळलं तेव्हा ते दुकानात आले. खिळ्यांच्या पोत्यावर बसून त्यांनी मला समजावलं. चाचणी चार महिन्यांवर असताना हात बदलणं म्हणजे हातचं घालवणं. उजव्यावर नवं पिस्तूल द्या, आठ-दहा गुण पिस्तुलानंच वाढतील. मुलगी मागच्या दारात उभी होती.

"पेरनी झाल्यावर बियानं बदलतंय का कुनी?" सर तिला म्हणाले.

"उगवलंच न्हाई तर दुबार पेरतात की, सर."

सर हसले, पण मत बदललं नाही. मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं. नव्या पिस्तुलानं आठ-दहा वाढले असते तर तीनशे पन्नासच्या पुढे मामला जात होता. डाव्या हाताबद्दल असं काहीच सांगता येत नव्हतं.

दसरा आठवड्यावर आला. डावा हात ऐंशीला पोचला होता, उजवा पंच्याऐंशीला होता. मी आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या. उजवी आडवी. डावी चढती, आणि तशीच चढत गेली तर चाचणीच्या आत ती उजवीला कापून वर जात होती. पण रेघ तशीच चढेल याला आधार नव्हता. माझ्या दुकानात असा अंदाज बांधून मी कधी माल भरला नाही. आकडे पुरे नव्हते आणि तारीख आली होती.

बायको मधल्या खोलीत ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर दोन्ही रेघा ठेवल्या आणि सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही.

"ती काय म्हनती?"

"डावाच."

"मग?"

"तुजं काय?" मी म्हणालो. "जुनं पिस्तूल दिवाळीपर्यंत टिकत न्हाई. उजवी मूठ आली तर चौघांना मारता येईल. डावी आली तर एकटीला. आन् घरात नव्वदला तूच जातीस."

"चौघं मारून कुटं जानार हावोत?"

"पुण्याला अठ्ठेचाळीस मारलेस पाचात."

"मारले," ती म्हणाली, आणि थोडा वेळ ज्वारीतले खडे वेचत राहिली. "तिचा हात मी बदलला. मी काय चुकले न्हाई. दुकानाच्या घरात तसंच करावं लागतं. उद्या कुनाच्या घरी गेली, पंगतीत डाव्या हातानं वाढलं, तर नाव मलाच. पन पिस्तुलाला कुटं गिऱ्हाईक येतंय? छर्रा कोन्या हातानं आला म्हनून कागद काय परत करतो का? डावी घ्या."

"आकडे उजव्याचे जास्त हायेत अजून."

"म्हनूनच तुमाला ठरवता येईना. मला येतंय."

मी त्याच दिवशी पुण्याला फोन केला आणि दोन दिवसांनी जाऊन पिस्तूल आणलं. प्लायवूडच्या पेटीत ते बसलं. दुकानाच्या काट्यावर किलोला थोडं कमी भरलं. चापाला अर्धा किलोचं वजन टांगून उचललं, सुटलं नाही. भावानं उजव्या हातात धरून बघितलं. अंगठ्याचा टेकू त्याच्या बोटांच्या पेरांवर येत होता.

"दुसऱ्याच्या चपला घातल्यावानी हाय," तो म्हणाला आणि ठेवून दिलं.

मुलीच्या हातात ते गेलं तेव्हा त्याचं काही वेगळं दिसलं नाही. हात सरळ झाला आणि पिस्तूल त्या हाताच्या टोकाला होतं, एवढंच.

जुनं पिस्तूल दिवाळीच्या आधीच गेलं. त्यानंतर सुट्टीच्या तासाला एकटी मुलगी मारायची, मी गुण बघायचो, भाऊ छर्रे उचलायचा. बायको स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात, रेषेच्या बाहेर बसायची. तिथून तिला कागद दिसत नसे. तरी आवाजावरून ती सांगायची, हा नीट सुटला, हा ओढला. बहुतेक वेळा बरोबर असायचं. एकदोनदा शेजारणीनं विचारलं की तुमी कावून मारत न्हाई आता, तर म्हणाली, डोळे दुखतात. तिचे डोळे दुखत नव्हते.

चाचणीला आम्ही तिघं आणि सर गेलो. नियमांची तपासणी झाली, पेटी, वजन, चाप, सगळं उतरलं. मग चाळीस छर्रे. मी मागे बसून मोजत होतो. पहिले दहा शहाऐंशी, दुसरे अठ्ठ्याऐंशी, तिसरे एकोणनव्वद, चौथे अठ्ठ्याऐंशी. एकूण तीनशे एक्कावन्न. त्या दिवशी शेवटची निवड झालेल्या मुलीचे तीनशे छप्पन्न होते.

यादी लागली तिथं सर म्हणाले, "उजव्यानं झालं असतं, आप्पा."

"न्हाई, सर," मी म्हणालो. "उजव्याचा सगळ्यात मोठा आकडा तीनशे अठ्ठेचाळीस. तुमी म्हनता ते आठ-दहा धरले, तर तो तिचा सगळ्यात चांगला दिवस आन् नवं पिस्तूल दोन्ही एकदम यायला पायजे होतं. तिचा रोजचा आकडा चाळीसचा हाय. त्यात दहा धरा. साडेतीनशे. हे एक्कावन्न हायेत."

सरांनी जरा विचार केला आणि मान हलवली. "ते खरं हाय," ते म्हणाले. मग मुलीला म्हणाले, "ही चार महिन्यांची डावी हाय. वर्सभर दे तिला. पुढल्या हिवाळ्याला बघू."

"पुढल्या वर्सी बारावी हाय, सर."

हे तिनं सरांकडे बघून सांगितलं. आईकडे बघितलं नाही. बायको पिस्तुलाची पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

घरी आल्यावर मुलीनं नळी पुसली, तेलाचा बोळा फिरवला, पिस्तूल पेटीत ठेवलं आणि काकाला स्टूल मागितलं. भाऊ म्हणाला, मी ठेवतो. ती म्हणाली, माझं मी ठेवते. माळ्यावर जुनी समई आणि रिकाम्या बरण्यांच्या मागे तिनं पेटी सरकवली आणि खाली उतरून अभ्यासाला बसली. ठरलं होतं तसंच झालं होतं, त्यामुळे मलाही त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. अकरावीची परीक्षा झाली. बारावीचे वर्ग उन्हाळ्यातच सुरू झाले.

एका सुट्टीला दुपारी बायकोनं शेगडी बंद केली, परसाच्या दाराला कडी लावली आणि मला म्हणाली, पेटी काढा. मी विचारलं, कशाला. ती म्हणाली, काढा तर. मी काढून दिली. भाऊ झोपला होता, तो उठून आला. मुलगी आतल्या खोलीत गणितं सोडवत होती.

बायको दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. चष्मा लावला. दांडा उघडून मिटला, छर्रा बसवला आणि पिस्तूल डाव्या हातात घेतलं. उजवा हात कुठं ठेवायचा ते तिला कळेना. शेवटी पदरात गुंडाळला. पहिला छर्रा कागदाला लागलाच नाही, पेटीच्या पत्र्यावर वाजला.

त्या आवाजानं मुलगी बाहेर आली. दाराशी उभी राहून तिनं दुसरा छर्रा बघितला. तिसऱ्याला पुढे आली.

"आई, मनगट आवळू नको."

"आवळू नको तर पडंल की हातातून."

"पडत न्हाई. मूठच धरती. खांदा खाली घे. आन् दोन्ही डोळे उघडे ठिव."

"तुजा डोळा डावा हाय. माजा उजवा हाय."

"मग मान वाकव," मुलगी म्हणाली. "मी दोन वर्सं वाकवली."

बायकोनं तिच्याकडे बघितलं, मग मान वाकवली. उरलेले छर्रे कागदावर लागले, कुठंही असले तरी.

"वहिनी, न्हानीला नवा गिलावा करावा लागतो आता," भाऊ म्हणाला.

"करा. घरचंच सिमेंट हाय," ती म्हणाली. तिनं पिस्तूल उघडून रिकामं असल्याची खात्री केली आणि मुलीच्या हातात दिलं. "आता तुजे. चाळीस मार. पुस्तक कुटं पळून जात न्हाई. आन् पेटी खालीच राहू द्या हो, सारकं सारकं माळ्यावर कोन चढंल."

मुलीनं चष्मा मागितला. बायकोनं आपला काढून दिला. मी कागद बदलून आणला आणि जुन्या कागदाचे गुण मोजले. दोनदा मोजले. एकतीस होते. गेल्या वर्षीचे बायकोचे आकडे ज्या पानावर होते तिथं हे लिहावं की नाही, मला ठरवता येईना, म्हणून मी तिलाच विचारलं.

"लिवा की," ती म्हणाली. "पुढच्या सुट्टीला किती वाढले ते कळायला नको का?"